पोटाने पाहिलेले फ्लेमिंगो

जपानमध्ये कॅमेरेवाल्या कंपन्यांची सिपा नावाची एक संघटना आहे. एका चार्जिंगमध्ये कॅमेरा किती फोटो काढतो, हे मोजायची रीत या मंडळींनी 2003 मध्ये घालून दिली. माहितीपत्रकात बॅटरीपुढे छापलेला आकडा बहुतेक वेळा याच रीतीने काढलेला असतो. रीत कडक आहे. खोलीचं तापमान 23 अंश. दर 30 सेकंदांनी एक फोटो. कॅमेऱ्याला अंगचा फ्लॅश असेल तर एकाआड एक फोटोला तो उडवायचा. दहा फोटो झाले की कॅमेरा बंद, मग थोडं थांबून परत चालू, आणि बॅटरीने मान टाकेपर्यंत हेच.

या चाचणीला बसणाऱ्या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. (हे काम हल्ली यंत्रच करत असेल, पण माणूस आहे असं धरून चाललं की आदर ठेवायला बरं पडतं.) त्याच्या खांद्यावरून कोणी डोकावत नाही. "थांबा, माझे डोळे मिटले होते" असं त्याला कोणी म्हणत नाही. भटजी त्याला "जरा उजेड सोडा" म्हणून बाजूला सारत नाहीत. अर्ध्या मिनिटाने बटण दाबायचं आणि मधल्या वेळात भिंत बघायची, एवढाच त्याचा संसार. अशा विरक्त माणसाने काढलेला आकडा आणि आमच्या घरातलं कार्य यांचं गोत्र जुळणं अवघडच.

साडूंच्या मुलाच्या मुंजीत फोटोग्राफर कोण, असा विषय निघाला तेव्हा साडूंनी "घरचाच आहे की!" म्हणून तो दोन मिनिटांत मिटवला. घरचा म्हणजे मी. सासुरवाडीच्या कार्यात फोटो काढणारा जावई ही फार सोयीची वस्तू असते. त्याला आहेर करावा लागतो, पण तो कुठल्याच फोटोत दिसत नसल्याने पुढे हिशेब लागत नाही. तर मी माझा मिररलेस कॅमेरा गळ्यात अडकवून सकाळी सातला मंगल कार्यालयात हजर झालो. बॅटरी पूर्ण भरलेली होती. माहितीपत्रकातला आकडा बघता ती मुंज, सोडमुंज आणि वेळ पडली तर त्याच मांडवात दुसऱ्या कोणाचं लग्न, एवढ्याला पुरायला हवी होती.

पण मुंजीत आत्या होत्या. बायकोच्या माहेरच्या आत्या. त्यांना फोटो काढून घेण्यात काडीचा रस नाही, त्यांना बघण्यात रस. घाणा भरण्याचे दोन फोटो झाले आणि हाक आली, "अहो जावईबापू, दाखवा बघू." मी पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कॅमेरा हातभर लांब नेला, मग नाकाशी आणला आणि त्यांचा अंगठा बरोबर त्या चाकावर पडला जिथे फोटो मोठा होतो. ते चाक मला सापडायला बरेच दिवस लागले होते. स्वतःचा चेहरा पडदाभर करून त्यांनी तो नीट तपासला आणि निकाल दिला, "ही हनुवटी माझी नाही." मग तो पडदा शेजारच्या काकूंकडे गेला. हनुवटी कोणाची, यावर तिथे दोन तट पडले. तिसऱ्या रांगेतल्या एका आजींनी ती त्यांच्या वन्संची असल्याचं सांगितलं. वन्सं वारलेल्या होत्या.

मातृभोजनाला बॅटरी निम्म्यावर होती. मुहूर्ताला अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या गेल्या, आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं चित्र लाल होऊन लुकलुकू लागलं. तोवर मी फोटो काढले होते शंभरच्या आत-बाहेर. मंगल कार्यालयात प्लग दोन प्रकारचे असतात. ज्यांत वीज नसते ते, आणि ज्यांत कोणाचा तरी फोन असतो ते. भिक्षावळीचे फोटो शेवटी बटूच्या मामांनी मोबाइलवर काढले आणि त्या सगळ्यांत त्यांचं बोट आहे.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "आत्यांनी तुमची बॅटरी खाल्ली." हा आरोप मात्र अर्धाच खरा. काढलेला फोटो पडद्यावर बघताना कॅमेऱ्याचा सेन्सर स्वस्थ पडलेला असतो. पडदा आणि त्याच्यामागची थोडी यंत्रणा, एवढंच तेव्हा जागं असतं. उलट मी कॅमेरा रोखून "बटू, इकडे बघ… इकडे रे… मुंडावळ्या बाजूला घ्या जरा" करत उभा होतो तेव्हा सेन्सर समोरचं दृश्य सेकंदाला कितीतरी वेळा टिपत होता, प्रोसेसर त्याचे रंग लावत होता, फोकस चेहरे शोधत होता, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा पडद्यावर काढून मला दाखवलं जात होतं. तेव्हा मिनिटाच्या दराने पाहिलं तर आत्यांचं बघणं माझ्या बघण्यापेक्षा स्वस्तच. फक्त मी अर्ध मिनिट बघत होतो आणि त्यांच्याकडे पंगत बसेपर्यंतचा वेळ होता.

एकूण काय, आजच्या कॅमेऱ्याची बॅटरी फोटो काढण्यात जात नाही, ती बघण्यात जाते. पटत नसेल तर खेळाचे फोटो काढणाऱ्यांना विचारा. एका दाबात वीस-वीस फोटो पाडणारी ही माणसं छापील आकड्याच्या दुप्पट-तिप्पट फोटो त्याच बॅटरीवर काढतात, कारण कॅमेरा जागा असतो तेवढ्या वेळातच ती सगळे उरकून घेतात. आपण दहा मिनिटं डोळा लावून एक फोटो काढतो आणि बॅटरी फुसकी निघाली म्हणून दुकानदाराकडे जातो.

हा मुद्दा मला प्रथम ऐकवला तो आमच्या दादाने, माझ्या थोरल्या चुलतभावाने. तो अजून जुना डीएसएलआर वापरतो आणि मिररलेसवाल्यांकडे बघताना त्याच्या तोंडावर इन्व्हर्टरवाल्याची भारनियमनातली प्रसन्नता असते. त्याच्या कॅमेऱ्यात आरसा आहे, वर प्रिझम आहे. भिंगातून आलेला उजेड आरशावरून उडतो, प्रिझममधून फिरतो आणि थेट डोळ्यात येतो. त्या बघण्याला वीज लागत नाही. तासभर डोळा लावून बसा, फुकट. कॅमेरा बंद करून बसा, तरी समोरचं दिसतं. दादा घरी सोफ्यावर बसूनसुद्धा बंद कॅमेऱ्यातून वहिनींकडे बघतो. वहिनी म्हणतात की त्याने त्यांच्याकडे बघायचा तेवढाच एक प्रसंग.

त्याचं आवडतं उदाहरण कॅननच्या 5डी मार्क फोरचं. त्या कॅमेऱ्यात काचेतून बघा, एका चार्जिंगमध्ये 900 फोटो. आरसा वर करून मागच्या पडद्यावर बघा, 300. कॅमेरा तोच, बॅटरी तीच, 23 अंशांच्या खोलीतला तो बिचारा माणूसही तोच. तो बघतो कुठून, तेवढं बदललं आणि 600 फोटो गेले. निकॉनच्या डी850चा आकडा तर 1840 आहे, तो दादा दर दिवाळीला एकदा सांगतोच.

मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे फुकट बघायचा रस्ताच बंद. मागच्या पडद्यावर बघा की डोळा लावून बघा, मीटर पडतंच. पण कुठे कमी पडतं? आमचे साडू बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यांचं याबाबतचं मत ठाम होतं. मागचा पडदा तळहाताएवढा, डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमधला नखाएवढा. लहान खातं, लहान खर्च. म्हणून ते बॅटरी वाचवायला सदैव डोळा लावून बसायचे. सोनीच्या ए7 थ्रीचे छापील आकडे मात्र वेगळंच बोलतात. मागच्या पडद्यावर 710 फोटो, व्ह्यूफाइंडरमध्ये 610. नखाएवढा पडदा जास्त खातो!

कारण त्या नखावर गर्दी फार आहे. याच घराण्यातल्या ए7 फोरचा मागचा पडदा साधारण 10 लाख ठिपक्यांचा, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये 36 लाखांहून जास्त ठिपके कोंबलेले. डोळा इतका जवळ असतो की ठिपका दिसला तर माणूस तक्रार करणार, म्हणून ही दाटी. शिवाय धावत्या मुलामागे कॅमेरा फिरवला तर चित्र अडखळू नये म्हणून ते सेकंदाला 60 वेळा, हौस असेल तर 120 वेळा बदलायचं. या हौसेची किंमत कॅननने आर5च्या बाबतीत सरळ छापलेली आहे. व्ह्यूफाइंडर काटकसरीच्या सेटिंगवर ठेवला तर 320 फोटो, गुळगुळीत चित्राच्या सेटिंगवर 220. शंभर फोटो गुळगुळीतपणात गेले. मी हे साडूंना दाखवलं. त्यांनी दोन्ही आकडे वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि म्हणाले, "हे पोस्टिंग चुकलेलं दिसतंय."

साडूंनी निवृत्तीच्या पैशांतून सगळ्यांत ताजा मिररलेस घेतला होता. व्ह्यूफाइंडर 120च्या वेगावर, उजेड पूर्ण, पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा, तिरपेपणा दाखवणारा काटा, सगळं चालू. "पैसे मोजलेत," ते म्हणायचे. त्या कॅमेऱ्याचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कॅमेऱ्याचा दोष किती आणि साडूंच्या पोटाचा किती, हे अजून ठरायचं आहे.

हिवाळ्यात आम्ही तिघं, म्हणजे दादा, साडू आणि मी, भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलो. उजनी धरणाचं पाणी मागे पसरतं तिथे, कुंभारगाव, डिकसळच्या काठाला हे पक्षी थंडीत उतरतात. पहाटेच्या अंधारात नावेत बसलो. दादा पुढे, मी मागे, आणि नाव समतोल राहावी म्हणून साडू मध्ये. मोठी लेन्स लावलेला कॅमेरा त्यांनी मांडीवर आडवा ठेवला होता, पाठ पोटाला टेकून. गार वारा सुटलेला. पाण्यावर धुकं. कोणी बोलत नव्हतं. नावाडीमामा बांबू रेटत होते ते मध्येच थांबले आणि वाकून साडूंच्या पोटाकडे बघू लागले.

"सायेब, पोटाशी काय चमाकतंय? मोबाईल चालू ऱ्हायला का?"

साडूंनी खाली पाहिलं. स्वेटर आणि कॅमेरा यांच्यामधल्या फटीत निळसर उजेड होता. त्यांनी कॅमेरा वर उचलला, फट विझली आणि मागचा मोठा पडदा लागला. पुन्हा मांडीवर टेकवला, मागचा विझला आणि फट उजळली. उचलला, विझली. टेकवला, उजळली.

"आरं तिच्यायला," मामा म्हणाले, "पोटाला दावतोय व्हय!"

अगदी तेच चाललं होतं. व्ह्यूफाइंडरच्या काचेला लागून काळसर काचेची एक बारीक खिडकी असते. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड बाहेर पडतो आणि समोर काही जवळ आलं की त्यावर आपटून परत येतो. परत आला की कॅमेरा समजतो, मालकांनी डोळा लावला. मग मागचा पडदा बंद आणि आतला चालू. आलेली वस्तू डोळा आहे, टोपीची कड आहे, गळपट्टा आहे की बँकेतल्या तीस वर्षांच्या बैठ्या नोकरीने कमावलेलं पोट आहे, हे त्या खिडकीला कळत नाही. पोट समोर आहे तोवर आपल्याकडे बघितलं जातंय असं समजून काही कॅमेरे झोपायलाही जात नाहीत. पुण्यातून निघाल्यापासून गाडीत, चहाच्या टपरीवर, काठावर आणि आता नावेत, साडूंच्या पोटाला सेकंदाला 120 चित्रांच्या वेगाने, पूर्ण उजेडात, आडव्या-उभ्या रेघा आणि तिरपेपणाच्या काट्यासह पुणे-सोलापूर रस्ता दाखवला गेला होता.

सूर्य वर आला आणि पक्षी उठले. फ्लेमिंगो उभा असतो तेव्हा पांढरट-गुलाबी दिसतो, पंख उघडले की आतला लाल आणि काळा एकदम बाहेर येतो. शेकडो पंख एका वेळी उघडले. दादाचा आरसा खटाखट वाजू लागला. साडूंनी कॅमेरा डोळ्याला लावला, बॅटरीचं लाल चित्र एकदा लुकलुकलं आणि आत अंधार झाला. दुसरी बॅटरी गाडीत, गाडी काठावर.

"अहो, बॅटरी गेली म्हणून काय झालं, दिसतंय ना?" दादाने मागे न बघता विचारलं. "माझ्यात दिसतं."

साडू काही बोलले नाहीत. फ्लेमिंगोंचा थवा डोक्यावरून फिरून पलीकडच्या चिखलात उतरेपर्यंत ते बंद कॅमेऱ्याला डोळा लावून बसले होते. मग म्हणाले, "याच्यात पंख फार गुळगुळीत दिसले असते. 120 वर."

परतताना गाडीत मी त्यांना उपाय सांगितले. पोटाच्या रोगावर सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे बंद करायची कळ. ती सगळ्या कॅमेऱ्यांना असते आणि कोणी वापरत नाही. दुसरा, पट्टा गळ्यात न घालता तिरपा घालून कॅमेरा कुशीला घ्यायचा, कुशीला पोट कमी असतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत मागचा पडदा बाहेर ओढला की ती बारीक खिडकी आपोआप मिटते. मेनूतही तिला गप्प करता येतं आणि मग कुठल्या पडद्यावर बघायचं ते बटणाने ठरवायचं. फुजीच्या कॅमेऱ्यांत तर "फक्त व्ह्यूफाइंडर आणि तोही डोळा लावला तरच" असं एक सेटिंग आहे. त्यात मागचा पडदा काळाच राहतो. पण ते साडूंना सांगण्यात अर्थ नव्हता, कारण तिथे प्रश्न पुन्हा डोळा कशाला म्हणायचं, यावरच अडतो.

बाकीच्या सेटिंगांचं म्हणाल तर काही खरी आहेत आणि काहींवर नुसती श्रद्धा आहे. मागच्या पडद्याचा उजेड कमी करणं खरं. त्या एलसीडीमागे दिवा असतो आणि तो फोटो काळा असो की पांढरा, सारखाच जळतो. भर दुपारी कास पठारावर तो पूर्ण केल्याशिवाय फुलं दिसत नाहीत आणि पूर्ण केला की संध्याकाळी कॅमेरा दिसत नाही, ही अडचण आहेच. व्ह्यूफाइंडरमधले पडदे बहुधा ओलेडचे, त्यात प्रत्येक ठिपका आपापला उजेड पाडतो आणि काळा ठिपका फुकट. म्हणजे देवळाचा गाभारा व्ह्यूफाइंडरमधून बघणं जरा स्वस्त पडतं आणि बर्फ महाग. बर्फाचं दुखणं दुहेरी, कारण थंडीत लिथियमची बॅटरी मुळातच मंदावते. लेहला जाणारे अनुभवी लोक जादा बॅटरी बनियनच्या खिशात ठेवतात. मेली असं वाटलेली बॅटरी अंगाच्या उबेने पुन्हा थोडी चालते. तिथे पोटाचा उपयोग होतो.

फोटो काढल्यावर तो आपोआप दोन सेकंद दाखवला जातो, ते बंद करणंही खरं. पण हे सेटिंग बंद करणारा माणूस दर फोटोनंतर स्वतः बटण दाबून दहा सेकंद बघतो, मग वाचतं काय ते त्यालाच ठाऊक. एका मिनिटात झोपायला लावणं, हेही खरं. पण झोपलेला कॅमेरा जागा व्हायला जो क्षण घेतो, नेमक्या त्याच क्षणी खंड्या पाण्यात सूर मारतो. खंड्याला हे कोण कळवतं, मला माहीत नाही. मी कॅमेरा जागा ठेवतो तेव्हा तो तासभर फांदीवर बसून माझी बॅटरी संपवतो.

श्रद्धेच्या सदरात येतात त्या आडव्या-उभ्या रेघा. भिगवणनंतर साडूंनी त्या काढून टाकल्या. तारीख, तिरपेपणाचा काटा, बॅटरीची टक्केवारी, सगळं काढलं. "तेवढाच भार कमी." लाखो ठिपके सेकंदाला 120 वेळा पेटत-विझत असताना चार रेघांनी जो फरक पडतो तो सिपाच्या माणसालासुद्धा मोजता यायचा नाही. पण टक्केवारी दिसेनाशी झाल्यापासून साडूंना बॅटरी जास्त टिकते असं वाटू लागलं, आणि अशा बाबतीत आपण बोलू नये.

आमच्या बाबांना हा सगळा प्रकार पटतच नाही. त्यांच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, तो अजून कपाटात आहे. त्याला बॅटरी नावाचा अवयवच नाही. वरती एक काचेचं भोक, त्यातून बघायचं. बघणं फुकट आणि फोटो महाग, कारण रोलमध्ये फोटो 12. त्यामुळे बाबा बघायचे भरपूर. आम्हा भावंडांना पर्वतीच्या पायऱ्यांवर उभं करून ते इतका वेळ त्या भोकातून बघत की धाकटी रडायला लागे. मग "आता रडतेय, नको" म्हणून फोटो वाचवत. वर्षभराच्या 12 फोटोंत दोन गणपतीचे, एक दिवाळीचा, एक कोणातरी पाहुण्यांचा ज्यांची ओळख आता कोणालाच पटत नाही. आता सगळं उलटं झालं आहे. फोटो हवे तेवढे काढा, कार्डावर हजारो मावतात. मीटर पडतं ते बघण्याचं.

हे काही एका रात्रीत झालं नाही. 1975 मध्ये कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. साडेतीन किलोहून जास्त वजन, आत निकेल-कॅडमियमचे 16 सेल, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. पण पडदा नव्हता. बघायचं तर टीव्ही लावा. पुढे 1995 मध्ये कॅसिओचा क्यूव्ही-10 आला. त्याच्या पाठीवर 1.8 इंची पडदा होता आणि काचेचं भोक नव्हतंच. चार पेन्सिल सेल घालायचे आणि ते बघण्यात संपवायचे. त्यानंतरच्या काही वर्षांतले कॅमेरे मात्र भले होते, त्यांना पडदाही असे आणि भोकही. बाबांनी तसला एक घेतला आणि पडदा पहिल्या दिवशी बंद केला तो कायमचा. महाबळेश्वरला टपरीवरचे साधे सेल घातले की कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन तिथेच थांबे, इतकी त्याची भूक मोठी. तेव्हापासून बाबांनी भोकाशी संधान बांधलं. भोक आणि लेन्स यांच्यात दोन बोटांचं अंतर, त्यामुळे जवळचे फोटो काढले की डोकी छाटली जात. त्या काळातल्या आमच्या अल्बमात गळ्यापर्यंतचे बरेच नातेवाईक आहेत. दागिन्यांवरून ओळखायचे.

साडूंच्या पोटाची हकिगत बाबांना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. कॉटवर उठून बसले. "म्हणजे खोलीत कोणी नाही आणि पंखा चालू," ते म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी सवयीने वर पंख्याकडे पाहिलं. बाबांचं अख्खं आयुष्य आमच्यामागून खोल्याखोल्यांतले दिवे बंद करण्यात गेलं आहे. त्यांनी लगेच कागद मागवला. बॅटरी किती वॅट-तासांची? मी म्हटलं, सोनीच्या मोठ्या बॅटरीवर 16.4 लिहिलेलं असतं. बाबांनी एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास मांडले, भागाकार केला. एका युनिटात साठच्या आसपास बॅटऱ्या भरतात. चार्जरची गळती धरून पन्नास म्हणू. युनिटला दहा रुपये धरले तरी एका बॅटरीला वीस पैसे.

बाबांनी कागदाकडे बराच वेळ पाहिलं. मुंजीतले फोटो, आत्यांची हनुवटी, भिगवणची पहाट, दादाचा आरसा आणि मी सांगितलेली सगळी सेटिंगं मिळून प्रकरण वीस पैशांचं निघालं. "मग दुसरी बॅटरी का नाही घेत खिशात?" त्यांनी विचारलं. मी कंपनीच्या अस्सल बॅटरीची किंमत सांगितली. बाबांनी कागद घडी करून उशीखाली ठेवला आणि म्हणाले, "क्लिक थ्री घेऊन जा माझा."

साडूंना मेनूत शिरणं मान्य नाही. मेनू त्यांना त्यांच्या बँकेतल्या नव्या सॉफ्टवेअरची आठवण करून देतो, ज्याच्यामुळे त्यांनी निवृत्ती दोन वर्षं आधी घेतली. पण पोटाचा विषय त्यांनी मनावर घेतला होता. परवा त्यांचा फोन आला. आवाजात विजय होता.

"जमवलं हो. त्या खिडकीलाच पट्टी लावली."

"कसली पट्टी?"

"औषधाच्या पेटीतली, पांढरी. बोटाला कापलं की लावतो ती. आता तिला पोट दिसायचा प्रश्नच नाही. आंधळी केली."

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला, कारण ते सिंहगडावर निघाले होते. त्या खिडकीपुढे काहीही जवळ आलं की ती डोळा समजते, आणि पांढऱ्या पट्टीइतकं जवळ आजवर कोणी आलेलं नव्हतं, हे सांगायचं राहून गेलं.

दुपारी पुन्हा फोन. मागे वारा आणि कोणीतरी भजी मागवत असल्याचा आवाज.

"अहो, बॅटरी गेली! गडावर पोचायच्या आत!"

"साडू, ती पट्टी…"

"पट्टी जागेवर आहे. आणि पोटाचं म्हणाल तर कॅमेरा पिशवीत होता, पोटाचा संबंधच आला नाही." मग आवाज थोडा खाली आला. "शिवाय आज एकादशी आहे हो."